रंगनाथचा बंद हंगाम

कोणाच्याही घरी गेला की रंगनाथ आधी पाण्याच्या भांड्यांपाशी जायचा. तहान लागली म्हणून नव्हे. हंडा, रांजण, प्लास्टिकचा ड्रम, जे रिकामं असेल त्यात तो तोंड घालायचा आणि छातीतून एक खोल हुंकार द्यायचा. मग तो हुंकार पुरता विरेपर्यंत कान लावून ओणवा उभा राहायचा. आमच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हाही त्याने हेच केलं. आमच्या हिने स्वयंपाकघराच्या दारातून ते पाहिलं आणि हे ध्यान कुठून आणलंत, असं मला डोळ्यांनीच विचारलं. दुष्काळाचं वर्ष, टँकरचा पत्ता नाही, घरातली झाडून सगळी भांडी कोरडी. परक्या माणसाने येऊन ती वाजवून दाखवावीत हे कोणत्या बाईला आवडेल? रंगनाथला त्याचं काही नव्हतं. ड्रममधून डोकं बाहेर काढून तो म्हणाला, "सायेब, तुमचा ड्रम लई खोल बोलतो. आमच्या घरचा चिरका हाय."

त्याची बायको शोभा या प्रकाराला पुरती विटली होती. "आधी त्यात पानी आना," ती म्हणायची, "मंग त्याला गानं शिकवा."

आमचा सहकारी साखर कारखाना मांजरसुंब्याहून फार लांब नाही. तो सभासदांचा आहे असं कमानीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, आणि तो चेअरमन आबासाहेबांचा आहे हे न लिहिताच सगळ्यांना कळत होतं. मी तिथे प्रयोगशाळेत केमिस्ट. रस तपासायचा, पाक तपासायचा, मळी तपासायची. रंगनाथ मूळचा नांदूरघाटचा, कारखान्यावर माईक ऑपरेटर म्हणून लागलेला. साखर कारखान्याला माईक ऑपरेटर कशाला लागतो, असा प्रश्न फक्त सहकार न पाहिलेल्या माणसालाच पडेल. आमच्याकडे उसाविना वर्ष गेलं, पण भाषणाविना आठवडा गेला नाही. मोळीपूजन, वार्षिक सभा, शेतकरी मेळावा, याचा वाढदिवस, त्याचा सत्कार. प्रत्येक वेळी रंगनाथ स्टेजच्या कडेला लाकडी खोक्यावर बसलेला, बोटं बटणांवर आणि नजर जमिनीवर.

इतकी वर्षं इतकी भाषणं ऐकून माणसाचं जे व्हायचं ते त्याचं झालं होतं. शब्दांवरून त्याचं मन उडालं होतं. "सायेब, सगळ्यायचे आवाज म्याच मोठे केले," तो म्हणायचा. "शब्द आला की लबाडी आलीच. नुस्ता आवाज लबाड बोलत न्हाई. भांडं रिकामं आसंल तर रिकामंच वाजतं." हे वाक्य त्याने मला इतक्या वेळा ऐकवलं की पुढे पुढे मीच ते त्याच्या आधी पूर्ण करायचो. त्याला राग यायचा नाही. "पाठ झालं ना? मंग खरं हाय," असं म्हणून तो बिडी पेटवायचा.

पाऊस लागोपाठ दगा देत गेला. जो थोडाफार ऊस उभा होता तो शेजारच्या जिल्ह्यातले कारखाने नेऊ लागले, आणि त्यांना तो नेऊ देणारे आमच्याच संचालक मंडळात बसलेले होते. शेवटच्या हंगामात मिल दोन दिवस चालायची आणि चार दिवस बंद. तेव्हा रंगनाथने कुठूनसं एक जुनं रेकॉर्डिंगचं यंत्र मिळवलं आणि तो मिलमध्ये भटकू लागला. रोलरच्या बुडाशी बस, ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीच्या साखळीखाली माईक ठेव, बॉयलरच्या दाराशी उभा राहा. फिटर त्याला चिडवायचे. "काय बे, मिलची मुलाखत घेतो का?" तो म्हणायचा, "व्हय, मरायच्या आधी घ्यावी लागते."

मिल थांबली. आधी पगार थांबले, मग माणसं गेली. कॉलनीतली निम्मी घरं रिकामी झाली. मी राहिलो, कारण या वयात मला कोण घेणार होतं? रंगनाथ राहिला, कारण त्याचं खरं काम तेव्हा सुरू झालं. तो रिकाम्या कारखान्यात शिरून बसायचा. गोदामाच्या सुटलेल्या पत्र्यावर वारा कसा घासतो, रसाच्या टाकीत पारवे कसे घुमतात, हे सगळं त्याने भरून घेतलं. मळीच्या टाकीत तर तो रोज दुपारी उतरायचा. आत काळोख, कोंदट वास, आणि पोलादाला नुसता तळवा टेकवला तरी कितीतरी वेळ चालणारा घुमारा. वर आला की अंगाला, कपड्यांना आंबूस घाण. शोभा त्याला दारातच थांबवायची. "कुठं गेलतात?" "देवळात गेलतो," हा सांगायचा.

हे सगळे आवाज त्याने टाइम ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर एकमेकांत मिसळले. त्यात त्याची दोन वर्षं गेली. जे तयार झालं त्याला त्याने नाव दिलं 'बंद हंगाम'. आमची मुलगी तेव्हा पुण्याला शिकत होती. सुट्टीत आली असताना तिने कानाला लावून ते अखंड ऐकलं. मी तिच्याकडे पाहत होतो. तिचा चेहरा उतरला, मग डोळे मिटले, आणि संपल्यावर तिने ते पुन्हा पहिल्यापासून लावलं. मग म्हणाली, "बाबा, जगात लोक हे संगीत म्हणून ऐकतात. याला डार्क अँबियंट म्हणतात." रंगनाथला शब्द कळला नाही. "डार्क म्हंजे लाइट गेल्यावानी?" तिने हो म्हटलं. "मंग बरोबर हाय," तो म्हणाला. तिने ते त्याच्या नावाने इंटरनेटवर टाकलं.

त्यात काय आहे ते सांगणं अवघड आहे, तरी प्रयत्न करतो. ताल नाही, सूर म्हणावा असा सूर नाही. सुरुवातीला वाटतं की काही लागलेलंच नाही, लांबवरचा वारा तेवढा आहे. मग त्या वाऱ्याच्या खाली आणखी एक आवाज असल्याचं जाणवतं, कानाला कमी आणि बरगड्यांना जास्त. ती मिल. ती इतकी खोल आणि इतकी मंद ठेवलेली की आता सुरू होईल, आत्ता होईल, असं प्रत्येक क्षणी वाटावं. ती चढते, जवळ येते, आणि पुन्हा पत्र्याच्या आवाजात बुडते. अखेरपर्यंत सुरू होत नाही. मी ते किती वेळा ऐकलं याचा हिशेब नाही, आणि शेवट पाठ असूनही दर वेळी मी सावरून बसतो. त्याची चटक लागते ती यामुळेच. दुष्काळी मुलखातल्या माणसाला याहून वेगळी चटक कुठली लागणार?

परदेशातले लोक त्याखाली लिहू लागले. कोणी लिहिलं की हे लावल्याशिवाय झोप येत नाही. एका थंड मुलखातल्या माणसाने लिहिलं की वडील गेल्यापासून तो रोज हेच ऐकतो. मुलीने फोनवर हे मराठीत वाचून दाखवलं तेव्हा रंगनाथ गंभीर होऊन म्हणाला, "त्येच्या गावचा बी कारखाना बंद पडला आसंल." मी हसलो. तो हसला नाही.

आपल्या लोकांना ते ऐकवावं असं त्याच्या मनात आलं, आणि एका संध्याकाळी त्याने कारखान्याच्या गेटवर कर्णे बांधले. पाचसहा जण जमलो होतो. आवाज सुरू झाला, वाऱ्यावर पसरला. कारखाना चालू असताना गरम पाणी ज्या नाल्यात सोडायचे तो नाला गेटच्या बाजूनेच जातो. आता तो ठणठणीत कोरडा. थोड्या वेळाने पाहतो तर नाल्याच्या काठाकाठाने शेळ्या येताहेत, आणि मागे गयाबाई, डोक्यावर घागर. वाडीवरची ही म्हातारी. नवरा मेंढरं राखायचा तो कधीच गेलेला. दोन मुलं, सुना, नातवंडं दर साल दसरा झाला की ऊसतोडीला जाणार आणि उन्हाळा तापल्यावर परत येणार, तोवर ही आणि शेळ्या. कारखान्याचा हुंकार वाडीवर पोचला आणि म्हातारीने ओळखला. मिल लागली म्हणजे नाल्याला पाणी आलं, एवढंच तिचं गणित. तिने कोरड्या नाल्यात पाहिलं, मग कर्ण्यांकडे पाहिलं. रंगनाथने आवाज बंद केला आणि तोंड चुकवून तो वायर गुंडाळायला लागला.

"बंद कावून केलंस?" गयाबाई म्हणाली. "लाव की. मिल तर मिल, तिचा आवाज तर आवाज." तिने घागर खाली ठेवली आणि नाल्याच्या काठावर बसली. शेळ्याही बसल्या. रंगनाथने पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी ती परत आली, आणि तिच्याबरोबर आणखी चार बाया. मग हा रिवाजच पडला. लोक त्याला 'बंद हंगाम' म्हणत नसत. 'कारखाना' म्हणत. "रंगनाथा, कारखाना लाव." तोडणीवाल्या पोरांनी ते मोबाइलमध्ये भरून घेतलं आणि कोल्हापूर-कर्नाटकाकडे नेलं. मांजरसुंब्याच्या धाब्यावर ट्रक ड्रायव्हर ते लावून भाकरी खायचे. माझ्या शेजारणीचं तान्हं पोर त्याच्याशिवाय झोपेना. रंगनाथच्या चालण्यात थोडा ताठा आला होता. एवढं सुख त्याला मिळालं, ते मी पाहिलं. पुढचंही पाहिलं.

आमच्या कारखान्यात एक विधी असतो, बॉयलर अग्निप्रदीपन. हंगामाच्या तोंडावर बॉयलरची पूजा करून त्यात अग्नी घालायचा. कारखाना बंद पडला तरी हा विधी बंद पडला नव्हता. दर दसऱ्याला आबासाहेब सपत्नीक येत, बॉयलरच्या तोंडात तेलाचे बोळे आणि चार लाकडं पेटवत, यंदा गाळप होणारच अशी ग्वाही देत, फोटो निघत. जेवणावळ उठेपर्यंत अग्नी विझलेला असे. बॉयलरच्या नळ्या सडून गेल्या होत्या आणि हे सगळ्या कामगारांना माहीत होतं. कामगार पूजेला नारळ घेऊन येत.

त्या वर्षी संचालक मंडळाची निवडणूक तोंडावर होती. आबासाहेबांनी रंगनाथला बंगल्यावर बोलावलं. त्याच्या आग्रहावरून मीही गेलो. आबासाहेबांनी त्याला चक्क खुर्ची दिली. "रंगनाथ, तुजी टेप म्हनं परदेशात गाजली. अभिमान वाटला बाबा. आवंदा पूजेच्या वक्ताला बॉयलरच्या मागं ती लाव. लोकायला जरा हुरूप येईल."

"मिल चालू झाली आसं वाटंल त्याह्यला," रंगनाथ म्हणाला.

"वाटू दे की. वाटन्यानं काय बिघडतंय? आपन तोंडानं एक अक्षर बोलनार न्हाई." मग आबासाहेब माझ्याकडे पाहून हसले. "हाच म्हनत आस्तो ना, शब्द न्हाई तिथं लबाडी न्हाई?"

रंगनाथचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. तो खुर्चीवरून उठला. "मी न्हाई लावनार," एवढंच म्हणाला आणि चप्पल पायात घालायचीही शुद्ध नसल्यासारखा ती हातात घेऊन फाटकाबाहेर आला. वाटेत त्याने मला एकदाच विचारलं, "सायेब, तेह्यचं चुकलं कुठं ते सांगा."

त्याच्यावाचून अडणार काय होतं? ती चीज एव्हाना आबासाहेबांच्या ड्रायव्हरच्याही मोबाइलमध्ये होती. बीडहून डीजे मागवला आणि त्याची खोकी बॉयलरमागे ताडपत्रीखाली ठेवली. दसऱ्याच्या सकाळी मैदान फुलून गेलं. वाड्यावस्त्यांवर ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमांच्या गाड्या येऊन थांबलेल्या होत्या, टोळ्यांची बोचकी बांधून तयार होती, आणि तरी माणसं आली होती. जायचं की इथेच काम मिळतंय ते पाहायचं, एवढाच प्रश्न प्रत्येकाच्या तोंडावर होता. गयाबाई आपल्या दोन्ही मुलांना घेऊन पुढे बसली होती. रंगनाथ नेहमीच्या खोक्यावर. भाषणाचा माईक त्याच्याच ताब्यात होता, नोकरी म्हणावी असं तेवढंच उरलं होतं.

आबासाहेबांनी पलिता आत घातला आणि बॉयलरच्या मागून तो आवाज उठला. आधी वारा, मग खालून मिल. मैदानातली कुजबुज थांबली. मोठ्या खोक्यांतून तो इतका भरून आला की पायाखालची माती थरथरली. बॉयलरवरच्या म्हाताऱ्या फायरमनने टोपी काढून डोळ्यांना लावली. गयाबाईने हात जोडले. मी स्वतः बॉयलरच्या नळ्या पाहिलेल्या, तरी क्षणभर, काय सांगू, मला वाटलं की मिल लागली.

रंगनाथ उठला आणि त्याने माईक हातात घेतला. आयुष्यभर तो माईक त्याने 'हॅलो, हॅलो' याच्यापलीकडे वापरला नव्हता. "ह्यो आवाज माजा हाय," तो म्हणाला. "मिल न्हाई लागलेली. मिलचा एक बी रोलर फिरत न्हाई. मागं ताडपत्रीखाली डीजे हाय, जाऊन बगा. हे खोटं हाय. मुकादमाला थांबवून ठिवू नका, गाड्या निघून जातील, मंग ना हितं काम ना तितं."

मागे जाऊन कोणी पाहिलं नाही. उलट फायरमनच ओरडला, "बस बे खाली! चांगल्या कार्याला कावून नाट लावतो?" त्याच्यामागून दहा आवाज उठले. कुणी तरी चप्पल भिरकावली, ती आबासाहेबांकडे नव्हे, रंगनाथकडे. आबासाहेबांनी शांतपणे माईक त्याच्या हातातून काढून घेतला. "रंगनाथ आपलाच मानूस हाय. कलावंत हाय, मनानं हळवा हाय. ऱ्हाऊ द्या त्याला," ते म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागचा आवाज या सगळ्यात एकदाही थांबला नव्हता. मी रंगनाथचा दंड धरून त्याला घरी आणलं.

टाळ्या वाजवल्या खऱ्या, पण ऐकलं होतं सगळ्यांनी, मुकादमांनीही. दुसऱ्या दिवशी उजाडताच गाड्या भरल्या. बोचकी, कोयते, कोंबड्या, कडेवरची पोरं. ऊन चढायच्या आत वाडी मोकळी झाली. मी रंगनाथच्या ओट्यावर चहा घेत होतो. त्याच्या डोळ्याला डोळा लागलेला दिसत नव्हता, पण चेहऱ्यावर जरा समाधान होतं. माणसं वेळेवर निघाली, मुकादमाशी बेबनाव झाला नाही. तेवढ्यात गयाबाई आली. ओट्यावर चढली नाही, खालीच उभी राहिली.

"रंगनाथा, तुला कुनी इचारलं व्हतं रं?"

"आजी, खोटं व्हतं ते."

"आमाला ठावं न्हवतं व्हय? धुराड्याला धूर न्हाई, गाडीतळावर एक बैल न्हाई. आमी काय आंधळे हाओत? माज्या धाकट्यानं मुकादमाला सांगितलं व्हतं, चार दिस थांबतो, कारखान्याचं बगतो, मंग येतो. चार दिस माजी लेकरं माज्या घरात जेवली आसती. नातू माज्यापाशी निजला आसता. तेवढं बी तुज्यानं बगवलं न्हाई."

शोभाने चहाचा कप पुढे केला. म्हातारीने तो घेतला नाही. ती गेली, तिच्या मागे शेळ्या गेल्या, आणि रंगनाथ तिच्याकडे पाहत राहिला. आबासाहेबांचा मला राग येतो, तो येणारच. पण खरं सांगायचं तर त्या सकाळी मला गयाबाईचाही संताप आला, आणि त्याहून जास्त संताप याचा आला की तिचं खरं होतं.

त्यानंतर रंगनाथने माझ्या मुलीला फोन करून सगळं काढून टाकायला लावलं. तिने विनवलं, तो ऐकेना. "आवाज बी लबाड निघाला, पोरी," तो म्हणाला. तिने काढलं, पण तोवर ते इतक्या जणांनी इतक्या ठिकाणी टाकलं होतं की काढलं न काढलं सारखंच. कुणी त्यावर स्वतःचं नावही घातलं. निवडणूक आबासाहेबांनी जिंकली. रंगनाथ आणि शोभा कॉलनीतलं घर सोडून पुण्याला तिच्या भावाकडे गेले. तिथे तो एका इमारतीवर वॉचमन होता. यंत्र जाताना भंगारात दिलं. मी एकदा भेटायला गेलो तर हवापाण्याचं बोलला, गुडघ्याचं बोलला, त्या आवाजाविषयी अवाक्षर नाही. दोन वर्षांपूर्वी दुपारी जेवून आडवा झाला तो उठला नाही. शोभाचा फोन आला तेव्हा क्रिया उरकली होती.

अग्निप्रदीपन दर दसऱ्याला होतं. आता आवाजही असतो, ताडपत्री मात्र कोणी घालत नाही, खोकी उघडीच ठेवतात. पूजा आटोपली की माणसं आपापल्या गाड्यांत बसून जातात. गयाबाई मागे राहते. पाय चालत नाहीत, शेळ्या विकून टाकल्या, तरी संध्याकाळी काठी टेकत माझ्या पायरीपाशी येते, कारण कॉलनीत आता मोबाइल असलेला मी एकटाच म्हातारा उरलोय.

शोभाचा फोन आला त्या दिवशीही ती आली. मी तिला सांगितलं की रंगनाथ गेला. तिला नीट ऐकू येत नाही, म्हणून दोनदा सांगितलं. तिने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं. "ग्वाड मानूस व्हता," म्हणाली. "पन बोलायला नगं व्हतं त्यानं."

मग पायरीवर सरकून बसली, धुराड्याकडे तोंड केलं आणि म्हणाली, "कारखाना लावा, सायेब."

मी लावला.